जर्मनीत एका सत्रासाठी : खोलीच्या किल्लीपासून गुणपत्रिकेपर्यंत

विद्यापीठांमधल्या देवाणघेवाण योजनेखाली एका किंवा दोन सत्रांसाठी जर्मनीला जाणारे मराठी विद्यार्थी आता नवलाचे राहिलेले नाहीत. निवड झाली, व्हिसा हाती आला की घरच्यांना वाटतं, अवघड काम झालं. पण तिथे पोहोचल्यावरचे पहिले पाच-सहा आठवडे त्याहून जास्त लक्ष मागतात. तिथल्या विद्यापीठात आपल्याला कोणी अडवत नाही, आणि आपणहून कोणी आठवणही करून देत नाही. विचारलं तर नीट, बहुतेकदा लेखी उत्तर मिळतं. विचारलं नाही तर मुदत निघून जाते. म्हणून या लेखात कामं ज्या क्रमाने समोर येतात त्याच क्रमाने घेतली आहेत.

सुरुवात निघण्याआधीची, आणि तीही कॅलेंडरपासून. जर्मनीतलं हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि उन्हाळी सत्र १ एप्रिल ते ३० सप्टेंबर असं धरलं जातं. हिवाळी सत्राची व्याख्यानं साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतात आणि परीक्षा त्यानंतर, फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात. आपल्याकडे तोवर पुढचं सत्र सुरू होऊन महिना-दीड महिना उलटलेला असतो. इथली हजेरी, अंतर्गत गुण, प्रात्यक्षिकं यांचं काय होणार, हे विभागप्रमुखांकडून आधीच लेखी घ्या. ‘बघू, होऊन जाईल’ हे तोंडी आश्वासन फेब्रुवारीत उपयोगी पडत नाही. यामुळे परीक्षा न देताच परत यावं लागलं, तर सगळं सत्र वाया गेल्यात जमा.

दुसरं काम खोलीचं. जर्मनीत विद्यापीठाची वसतिगृहं बहुतेक ठिकाणी विद्यापीठ स्वतः चालवत नाही. ती ‘श्टुडिरेंडेनवेर्क’ नावाची वेगळी सार्वजनिक संस्था चालवते. प्रवेशाचं पत्र आलं म्हणजे खोली मिळाली असं होत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. देवाणघेवाणीच्या विद्यार्थ्यांसाठी काही खोल्या राखून ठेवलेल्या असतात, पण अर्जाची मुदत कडक असते. पत्र आलं त्याच दिवशी अर्ज करा.

वसतिगृह मिळालं नाही तर चारचौघांत वाटून घेतलेल्या घरात एक खोली घेता येते. जाहिरातीत भाडं दोन प्रकारे लिहिलेलं असतं. ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसत्या जागेचं भाडं, आणि ‘वार्ममीटे’ म्हणजे त्यात उष्णता, पाणी वगैरेचा खर्च धरून झालेली रक्कम. तुलना करायची ती दुसऱ्या आकड्याची. अनामत रक्कम कायद्याने नुसत्या भाड्याच्या तिपटीहून जास्त मागता येत नाही.

फसवणूक होते ती याच टप्प्यावर. घरमालक ‘सध्या परदेशी’ असतो, फोटो सुंदर असतात, भाडं शहराच्या मानाने फारच कमी असतं, आणि ‘अनामत पाठवा, किल्ली कुरियरने येईल’ असा निरोप येतो. अशा ठिकाणी एक युरोही पाठवू नका. खोली स्वतः किंवा ओळखीच्या कोणीतरी पाहिल्याशिवाय, निदान व्हिडिओ कॉलवर घरभर फिरवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. खोली मिळेपर्यंत विद्यार्थी निवासात किंवा हॉस्टेलमध्ये दोन आठवडे काढणं महाग पडलं, तरी ते फसवणुकीपेक्षा स्वस्त असतं.

करार कधीपर्यंतचा आहे तेही वाचून ठेवा. वसतिगृहाचे करार सहसा सत्राच्या शेवटच्या दिवसापर्यंत असतात. परीक्षा फेब्रुवारीच्या मध्याला संपली तरी मार्चचं भाडं भरावं लागू शकतं. ते हिशेबात आधीच धरा.

आता पैसे. शिष्यवृत्ती किंवा हमीदार नसेल तर व्हिसासाठी ‘श्पेरकोंटो’ लागतं. हे असं खातं, ज्यात आपण पैसे आधी भरून ठेवतो आणि तिथे गेल्यावर ते दरमहा ठरावीक रकमेने बाहेर पडतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम महिन्याला ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो अशी आहे. पैसे पूर्ण भरलेले असले तरी पोहोचल्या दिवशी ते हातात येत नाहीत. तिथे चालू खातं उघडून कागदपत्रं पाठवल्यावरच पहिला हप्ता सुटतो, आणि त्यात दोन-तीन आठवडे सहज जातात. पहिल्या महिन्याचं भाडं, अनामत, विद्यापीठाचं शुल्क आणि जेवणखाण एवढी रक्कम वेगळी, आपल्या ताब्यात हवी. बरोबर थोडी रोख ठेवा. जर्मनीत छोट्या दुकानांत, बेकरीत अजूनही ‘फक्त रोख’ अशी पाटी दिसते.

आरोग्य विम्याचं गणित थोडं नीट समजून घ्यावं लागतं. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला विद्यापीठात नाव नोंदवण्यासाठी सहसा तिथल्या सार्वजनिक विमा संस्थेचं सदस्य व्हावं लागतं. हप्ता महिन्याला साधारण १४० ते १५० युरो असतो. इथून घेतलेला प्रवास विमा त्याच्या जागी चालत नाही. मात्र हा जर्मन विमा बहुधा सत्राच्या पहिल्या दिवसापासून लागू होतो. आपण सप्टेंबरच्या मध्याला पोहोचलात तर मधल्या दिवसांसाठी प्रवास विमा लागतोच. बरेच जण दोन्हींपैकी एकच घेतात आणि मध्ये पंधरा दिवस उघडे राहतात.

बॅग भरताना आईला एक गोष्ट आवर्जून सांगा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणता येत नाहीत. तूप, पेढे, खव्याची मिठाई हे सगळं त्यात येतं. ताजा कढीपत्ता, आंबे हेही नेता येत नाहीत. गोडा मसाला, मेतकूट, कोरड्या चटण्या, पोहे न्यायला हरकत नाही. नेहमीची औषधं असतील तर डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी सोबत ठेवा.

तिकीट काढताना आठवड्याचा वार पाहा. शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी पोहोचू नका. वसतिगृहाची किल्ली ‘हाउसमाइस्टर’कडे, म्हणजे इमारतीची देखभाल पाहणाऱ्या माणसाकडे असते, आणि तो कामाच्या दिवशी ठरलेल्या दोन-तीन तासांतच भेटतो. रविवारी दुकानं बंद असतात. मोठ्या रेल्वे स्थानकांवरची काही दुकानं आणि सकाळच्या बेकऱ्या तेवढ्या उघड्या मिळतात. सोमवार ते गुरुवार, दुपारच्या आत पोहोचणं उत्तम.

खोलीत शिरल्यावर पंख्याखाली बसायची सवय असते आपली. पंखा तर नसतोच, पण बसण्याआधी भिंती, गादी, नळ, खिडक्या यांचे फोटो काढा. ताबा घेताना खोलीच्या स्थितीची यादी केली जाते, तिच्यात आधीचा प्रत्येक डाग, ओरखडा लिहून घ्या. जाताना अनामतीतून पैसे कापले जातात ते याच यादीच्या आधारे.

मग खाली जाऊन टपालपेटीवर आपलं आडनाव लावा. हे काम क्षुल्लक वाटतं, पण मला विचाराल तर पहिल्या दिवसाचं हेच सगळ्यात महत्त्वाचं काम. जर्मनीत बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विम्याचं कार्ड, सरकारी पत्रं हे सगळं टपालाने येतं. पत्त्यात खोली क्रमांक लिहिला तरी पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो. चार पत्रं परत गेली की चार आठवडे जातात. आडनाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच स्पेलिंगने लिहा.

यापुढची कामं एकमेकांत अडकलेली आहेत, म्हणून क्रम बदलू नका. पहिलं ‘आनमेल्डुंग’, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ती शहराच्या नागरिक कार्यालयात करायची असते. त्यासाठी पासपोर्ट आणि घरमालकाने सही केलेला, ‘हा माझ्याकडे अमुक तारखेपासून राहतो’ अशा अर्थाचा छापील दाखला लागतो. भाडेकरार या दाखल्याऐवजी चालत नाही, आणि बहुतेकांची पहिली खेप इथेच फुकट जाते. खोली ठरवतानाच ‘हा दाखला मिळेल ना?’ असं विचारा. घरमालक नाही म्हणाला तर ती खोली घेऊ नका. पुढचं सगळं तिथे अडेल.

मोठ्या शहरांत, विशेषतः बर्लिनमध्ये, कार्यालयाची वेळ मिळणंच कठीण. भारतातूनच संकेतस्थळावर वेळ घेऊन ठेवा. सकाळी लवकर पाहिलं तर रद्द झालेल्या वेळा दिसतात. दोन आठवड्यांत वेळ मिळालीच नाही तर मिळालेल्या तारखेची पोच जपून ठेवा, आपण प्रयत्न केला होता याचा तो पुरावा.

नोंद झाल्याचा कागद तिथल्या तिथे मिळतो. तो फोटो काढून, स्कॅन करून तीन ठिकाणी ठेवा. बँकेत, परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, मोबाइल कंपनीत तो मागितला जातो. काही आठवड्यांनी एक पत्र आणखी येतं, ते रेडिओ-दूरचित्रवाणी शुल्काचं. घरात टीव्ही नसला तरी ते लागू होतं. घटकाच्या मागे महिन्याला १८.३६ युरो, आणि घटक म्हणजे माणूस नव्हे, घर. घरात आधीच कोणी भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवा आणि पैसे वाटून घ्या. जाहिरात समजून ते पत्र फेकून दिलं तर दंडासह थकबाकी मागे लागते.

विद्यापीठात नाव नोंदवताना सामंजस्य करारामुळे शिकवणी शुल्क माफ असतं. तरीही ‘झेमेस्टरबायट्राग’ भरावा लागतो. हे दर सत्राचं ठरावीक वर्गणीवजा शुल्क, विद्यापीठागणिक वेगळं. त्यातूनच मेन्झा म्हणजे विद्यार्थ्यांचं भोजनगृह, वसतिगृहं, समुपदेशन यांचा खर्च चालतो आणि बऱ्याच ठिकाणी प्रवासाचा पासही त्यातच येतो. हा पास आता अनेक विद्यापीठांत देशभराच्या लोकल, मेट्रो, बस आणि प्रादेशिक गाड्यांना चालतो. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना मात्र तो चालत नाही. फलाटावर दोन्ही गाड्या शेजारी उभ्या असतात, आणि चुकीच्या गाडीत चढल्यावर तपासनीस ‘माहीत नव्हतं’ हे ऐकून घेत नाही.

दोन सत्रांसाठी गेलेल्यांनी दुसऱ्या सत्राचं हेच शुल्क मुदतीत स्वतःहून भरायचं असतं. ते भरणं म्हणजेच पुन्हा नोंदणी. विसरलं तर विद्यार्थी म्हणून नावच कमी होतं, आणि निवास परवाना त्यावर अवलंबून असतो.

व्हिसावरची शेवटची तारीख मोबाइलमध्ये घालून ठेवा. मुक्काम त्यापुढे जाणार असेल तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडे निवास परवान्याचा अर्ज व्हिसा संपण्याच्या आत पोहोचला पाहिजे. आठ-दहा आठवडे आधी करावा, कारण उत्तराला वेळ लागतो. वेळेत अर्ज केला तर निर्णय होईपर्यंतचा तात्पुरता दाखला मिळतो. पण त्या दाखल्यावर नाताळच्या सुट्टीत भारतात येऊन परत शिरता येईल का, हे तिकीट काढण्याआधी त्याच कार्यालयाला ईमेलने विचारा. दाखल्यावर कुठल्या चौकटीत खूण केली आहे त्यावर ते ठरतं.

आता अभ्यास. निघण्याआधी आपण ‘लर्निंग ॲग्रीमेंट’वर सही केलेली असते. कोणते विषय तिथे शिकणार आणि ते इथे कोणत्या विषयांऐवजी धरले जाणार, याचा तो करार. तिथे पोहोचल्यावर त्यातले एक-दोन विषय त्या सत्रात नसतात, किंवा दोघांची वेळ एकच असते, किंवा शिकवण्याची भाषा जर्मन निघते. घाबरू नका, हे जवळपास प्रत्येकाचं होतं. पहिल्या काही आठवड्यांत करार बदलता येतो. फक्त बदल दोन्हीकडच्या समन्वयकांच्या सहीने व्हायला हवा. स्वतःच विषय बदलून बसलात तर परत आल्यावर ते श्रेयांक इथे कोणी धरत नाही.

श्रेयांक तिथे ‘ईसीटीएस’ या युरोपीय पद्धतीने मोजतात. पूर्ण सत्राचे ३० आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचं काम, त्यात घरचा अभ्यासही आला. आठवड्याला चारच तास वर्ग असलेला विषय म्हणून हलका वाटतो, पण उरलेले तास ग्रंथालयातले असतात. ते कोणी विचारत नाही, परीक्षा विचारते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी भाषेच्या वर्गासह ३० च्या वर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वेळापत्रकात ‘१० सी.टी.’ लिहिलं असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो, ‘एस.टी.’ असेल तर ठीक दहाला. पंधरा मिनिटांची ही जुनी सवलत आहे. ती सोडून उशीर चालत नाही. प्राध्यापकांना भेटायचं तर त्यांच्या ठरलेल्या भेटीच्या तासात, बहुतेकदा ईमेलने नाव देऊन. ईमेल छोटा लिहा : मी कोण, कोणत्या विषयाला, प्रश्न काय. अशा ईमेलला उत्तर येतं. वर्गात प्राध्यापकांच्या म्हणण्यावर शंका काढली तर तो उद्धटपणा ठरत नाही; सेमिनारमध्ये तर गप्प बसणाऱ्याने वाचलं नाही असाच अर्थ होतो. आपल्या मुलांना हे सगळ्यात जड जातं. पहिल्या महिन्यात दर सेमिनारला निदान एक प्रश्न लिहून नेण्याची सवय लावावी.

परीक्षेच्या नोंदणीबद्दल जरा सावकाश सांगतो, कारण सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. विषयाला नाव नोंदवणं वेगळं आणि परीक्षेला नाव नोंदवणं वेगळं. आपल्याकडेही परीक्षेचा फॉर्म वेगळा असतो, पण तो भरायची नोटीस लागते, वर्गात सांगतात, लेट फी भरून चालतं, शेवटी मित्र तरी फोन करतो. तिथे बहुतेक विद्यापीठांत पोर्टलवर काही आठवड्यांची खिडकी उघडते आणि बंद होते. ती कधी डिसेंबरात असते, कधी जानेवारीत, विभागागणिक वेगळी. ती हुकली तर चार महिने सगळ्या व्याख्यानांना बसूनही परीक्षेला बसता येत नाही. लेट फी हा प्रकार सहसा नसतो.

नाव मागे घ्यायलाही मुदत असते. न सांगता गैरहजर राहिलं तर निकाल नापास लागतो. आजारी पडलात तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन दाखला घ्या आणि परीक्षा कार्यालयाला पाठवा. काही विभागांचा त्यासाठी स्वतःचा छापील नमुना असतो, तो आधीच उतरवून ठेवावा. दोन दिवसांनी बरं वाटल्यावर आणलेला दाखला मान्य होईलच असं नाही.

तयारीसाठी ‘फाखशाफ्ट’ शोधा. विभागातल्या विद्यार्थ्यांची ही निवडून आलेली समिती. तिच्याकडे बहुधा जुन्या प्रश्नपत्रिका असतात, आणि कोणत्या विषयात काय विचारतात हे तीच मुलं सांगतात. निकाल पाहून दचकू नका : तिथे १.० सर्वोत्तम, ४.० पर्यंत उत्तीर्ण, ५.० नापास. २.३ हे चांगले गुण आहेत, हे घरीही सांगून ठेवा.

राहण्याच्या रीती लवकर अंगवळणी पडतात. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर शांतता, म्हणजे भिंतीत खिळा ठोकणं, काचेच्या बाटल्या पिंपात टाकणं नाही. कागद, वेष्टनं, ओला कचरा आणि उरलेलं यांची पिंपं वेगळी. पाण्याच्या एकदाच वापरायच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती दुकानातल्या यंत्रात टाकली की परत मिळते.

फोडणीचं मात्र जपा. घरोघरी धूरसूचक यंत्रं बसवणं तिथे बंधनकारक आहे. हिंग-मोहरी तडतडली की ते ओरडतं. स्वयंपाकघराचं दार लावून, खिडकी सताड उघडून, वरचा पंखा चालू करून मगच तेल तापवा. धूर झाला म्हणून दार उघडून तो मार्गिकेत सोडू नका; मोठ्या वसतिगृहात तिथली यंत्रं सगळ्या इमारतीचा गजर वाजवतात.

आजारी पडल्यास आधी ‘हाउसआर्ट्स्ट’, म्हणजे घराजवळचा सर्वसाधारण डॉक्टर. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. रात्री-सुट्टीच्या दिवशी डॉक्टर हवा असेल तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि भारताशी असलेलं अंतर साडेतीनवरून साडेचार तासांवर जातं. डिसेंबरात बर्लिनमध्ये चारच्या आधी सूर्य मावळतो. त्याच सुमारास सुरुवातीची नवलाई ओसरते, सगळे आपापल्या गटात रमलेले दिसतात, आणि खोलीतून बाहेर पडावंसं वाटत नाही. यात कमीपणा काही नाही. दुपारी उजेडात रोज अर्धा तास बाहेर फिरा. विद्यापीठाचे खेळांचे वर्ग अगदी स्वस्त असतात. जर्मन मुलांशी मैत्री वर्गापेक्षा अशा आठवड्याच्या ठरलेल्या भेटींतून जुळते. अनेक शहरांत मराठी मंडळी गणपती-दिवाळीला एकत्र येतात, तिथे जरूर जा, पण सगळा वेळ तिथेच घालवू नका. झोप, भूक बिघडली, अभ्यासात लक्षच लागेना, तर श्टुडिरेंडेनवेर्कच्या समुपदेशकांकडे वेळ घ्या. हे समुपदेशन गोपनीय असतं आणि त्याला बहुधा पैसे पडत नाहीत.

परतीच्या महिन्यात कामं उलट्या क्रमाने करायची. खोलीचा ताबा परत देताना ती पहिल्या दिवसाची यादी आणि फोटो बरोबर ठेवा. पत्त्याची नोंद रद्द करण्याचा अर्ज निघण्याच्या आधीच्या आठवड्यात करता येतो. त्याआधी घेत नाहीत. तो कागद विमा बंद करायला लागतो, नाही तर हप्ते चालूच राहतात. बँकेचं खातं अनामत जमा झाल्यावरच बंद करा. अनामत परत यायला काही महिने लागू शकतात.

आणि गुणपत्रिका. सगळे निकाल पोर्टलवर चढले का ते निघण्याआधी पाहा, एखादा राहिला असेल तर त्या प्राध्यापकांना तिथे असतानाच गाठा. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या पुस्तिकेतून उतरवून घ्या, कारण इथली समकक्षता समिती तो मागते. अधिकृत गुणपत्रिका बहुधा आपण परतल्यानंतर काही आठवड्यांनी निघते, आणि नाव कमी झाल्यावर विद्यापीठाचा ईमेल काही काळाने बंद होतो. तेव्हा निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय कार्यालयात आपला खासगी ईमेल आणि इथल्या महाविद्यालयाच्या समन्वयकांचा पत्ता, दोन्ही लेखी देऊन या.